पित्ताची गोळी आणि तिची मुदत

मराठीत 'पित्त' हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो. आयुर्वेदातले पित्त हा त्रिदोषांपैकी एक. आधुनिक शरीरशास्त्रातले पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. तो आम्लधर्मी नसतो, उलट किंचित अल्कधर्मी असतो. अंगावर लाल गांधी उठल्या की त्यालाही आपण 'पित्त उठले' म्हणतो. आणि जळगाव-धुळ्याकडे मेडिकलच्या काउंटरवर "पित्ताची गोळी द्या" म्हणणाऱ्याच्या मनात असते ते चौथे पित्त, म्हणजे जठरातले आम्ल. अहिराणीत कोणी "छातीमा जयजय व्हस" म्हणून सांगते, कोणी "गॅस झाला" म्हणते. एकाला करपट ढेकर येत असतात, दुसऱ्याचे अर्धे डोके दुखत असते, तिसरीला चतुर्थीच्या उपासानंतर मळमळत असते. तक्रारी निरनिराळ्या, मागितली जाते ती गोळी एकच. आणि ती गोळी या चारांपैकी फक्त शेवटच्या पित्तावर काम करते.

शब्दाचा हा घोळ आधी सांगितला, कारण दीर्घकाळ वापराचा प्रश्न इथूनच सुरू होतो. गोळी कशासाठी सुरू झाली हेच नक्की नसेल, तर ती कधी थांबवायची हे ठरवायला आधार उरत नाही. मग ती चहाच्या आधीची सवय होते. पाच-सहा वर्षे उलटतात. पुढे कोणीतरी मोबाइलवर "या गोळ्यांनी किडनी जाते" असा संदेश वाचतो आणि घाबरून विचारतो, ही गोळी सुरक्षित आहे का?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण नेमके देता येते. ज्याला तिची खरी गरज आहे, त्याला ती वर्षानुवर्षे घेतली तरी धोक्यापेक्षा फायदा कितीतरी मोठा आहे. ज्याला गरज नाही, त्याच्या वाट्याला फायदा शून्य येतो, आणि मग लहानसा धोकाही महागच पडतो. याला खानदेशापुरती एक पुस्ती जोडावी लागते: परदेशातल्या अभ्यासांनी जी गोळी आणि जी माणसे तपासली, ती आपल्याकडची गोळी आणि आपल्याकडची माणसे नव्हेत. पुढचे विवेचन मुख्यतः या पुस्तीचे आहे.

पंप आणि त्याला लागणारे कुलूप

जठराच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. त्यांच्यामुळे रिकाम्या जठरातला सामू १ ते २ इतका खाली असतो. हे आम्ल उगाच नसते. प्रथिनांचे पचन तिथे सुरू होते, पाण्या-अन्नातून आलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात, भाजी-भाकरीतले लोह शोषण्याजोगे होते, आणि दुधातल्या-अंड्यातल्या प्रथिनांना चिकटलेले बी-१२ जीवनसत्त्व सुटे होते.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच कुळातली औषधे. या कुळाला 'प्रोटॉन पंप इन्हिबिटर' म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात 'पीपीआय'. गोळी आतड्यात विरघळते, रक्तातून जठराच्या पेशीपर्यंत पोचते आणि तिथल्या आम्लातच सक्रिय होऊन पंपाला कायमची जखडते. रक्तातून औषध एक-दोन तासांतच बरेचसे नाहीसे होते. परिणाम मात्र दिवसभर टिकतो, कारण शरीराला नवे पंप तयार करावे लागतात.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात, आणि दोन्ही आपल्याकडे सर्रास मोडल्या जातात. हे औषध चालू असलेल्या पंपालाच पकडते, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. रात्री दहा वाजता भरीत-पुरी किंवा तर्रीदार शेवभाजी खाऊन झाल्यावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. दुसरे असे की, पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात. आज जळजळतेय म्हणून आज एक गोळी, या हिशेबात ती बसत नाही. त्यासाठी साधे आम्लशामक पातळ औषध अधिक लवकर काम करते.

तिखटाविषयीही इथेच सांगून टाकतो. खानदेशी काळ्या मसाल्याला आणि मिरचीच्या भाजीला पित्ताचा सगळा दोष दिला जातो. मिरचीने अल्सर होतो याला पुरावा नाही. ज्याच्या अन्ननलिकेला आधीच सूज आहे त्याला ती झोंबते, हे खरे. पण हिवाळ्यातल्या भरीत पार्टीनंतर जी जळजळ होते, तिचे मोठे कारण उशिरा, पोटभर आणि तेलकट खाऊन लगेच आडवे होणे हे असते. त्याने जठर सावकाश रिकामे होते आणि आम्ल वर चढते. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवले आणि खाटेची डोक्याकडची बाजू वीतभर उचलली, तर पुष्कळांना गोळी लागणारच नाही.

या औषधांचे उपकार नाकारून चालणार नाही. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७६ मध्ये सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारे आधीच्या पिढीतले औषध बाजारात आले. १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी स्वीडनच्या ॲस्ट्रा कंपनीचे ओमेप्राझोल युरोपात विक्रीला आले. त्याआधी न भरणाऱ्या अल्सरसाठी जठराचा भाग कापणे, जठराकडे जाणारा मज्जातंतू तोडणे अशा शस्त्रक्रिया नेहमीच्या होत्या. त्या आज क्वचितच कराव्या लागतात. दरम्यान ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले की बहुतेक अल्सर 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जिवाणूमुळे होतात. २००५ चे नोबेल त्यांना मिळाले. या शोधाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. जिवाणूमुळे झालेला अल्सर साधारण चौदा दिवसांच्या अँटिबायोटिक उपचाराने कायमचा बरा होऊ शकतो. जिवाणूची तपासणी न करता नुसती गोळी चालू ठेवली, तर जळजळ दबते, जिवाणू तसाच राहतो आणि रुग्ण विनाकारण आयुष्यभराचा गिऱ्हाईक होतो.

गोळी सुटत का नाही

समजा, पारोळा तालुक्यातल्या साठीच्या एका बाईंचे गुडघे दुखतात. डॉक्टर दहा दिवस वेदनाशामक देतात आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत पँटोप्राझोल देतात. हे अगदी योग्य आहे. दहा दिवसांनी वेदनाशामक संपते. पित्ताची गोळी मात्र चांगली वाटते म्हणून चालू राहते. तीन महिन्यांनी त्या ती सोडून पाहतात, तर चार दिवसांत छाती पेटते. "माझं पित्त फारच वाढलंय, गोळीशिवाय जमतच नाही," असा निष्कर्ष त्या काढतात, आणि घरचेही तो मान्य करतात.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. आम्ल दाबले गेले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडते आणि आम्ल तयार करायला उद्युक्त करणाऱ्या पेशी वाढवते. गोळीच्या जोरापुढे हे सैन्य गप्प असते. गोळी अचानक काढली की ते एकदम कामाला लागते आणि काही आठवडे पूर्वीपेक्षा जास्त आम्ल तयार होते.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यावर निर्णायक प्रकाश टाकतो. त्यांनी १२० निरोगी माणसे घेतली. यांपैकी कोणालाही पित्ताचा त्रास नव्हता. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिले, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. मग चार आठवडे सगळ्यांनाच, त्यांच्या नकळत, औषधविरहित गोळी दिली. या काळात, म्हणजे नवव्या ते बाराव्या आठवड्यांत, औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असे त्रास झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे ज्यांना कधी पित्त नव्हते, त्यांना गोळीने पित्ताचे रुग्ण बनवले, तेही दोन महिन्यांत.

दीर्घ वापराबद्दल बोलताना लोक मूत्रपिंड, हाडे, स्मृती यांची चर्चा करतात. माझ्या मते सर्वांत ठोस, सर्वांत जास्त लोकांना भोवणारा दुष्परिणाम हाच आहे: गोळी स्वतःची गरज स्वतःच तयार करते. इतर सारे धोके तिच्या लांबत जाणाऱ्या मुदतीवर अवलंबून आहेत, आणि ती मुदत लांबवणारे यंत्र हेच आहे.

घाबरवणारे आकडे आणि त्यांचे वजन

२०१६ साली अमेरिकेतल्या दहा हजारांवर लोकांच्या दीर्घ पाहणीतून असे दिसले की ही औषधे घेणाऱ्यांत मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचा धोका दीडपट आहे. 'दीडपट' हा शब्द वृत्तपत्रांत गाजला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र कोणी फारसा सांगितला नाही: दहा वर्षांत गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे १२ जणांना हा आजार झाला, आणि त्यांनी गोळी घेतली नसती तर तो अंदाजे ८ ते ९ जणांना झाला असता. फरक शंभरात साधारण तीन माणसांचा. तो नगण्य नाही, पण 'दीडपट' ऐकून मनात येते तेवढाही नाही.

त्यातही एक मूलभूत अडचण आहे. असे अभ्यास नोंदी पाहून केले जातात. जो आधीच मधुमेही आहे, लठ्ठ आहे, चार वेदनाशामके घेतो, त्याच्याच चिठ्ठीत पित्ताची गोळी असण्याची शक्यता जास्त. मग मूत्रपिंड बिघडले ते गोळीने की मधुमेहाने? आकडेशास्त्राने हे वेगळे काढायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण यश येत नाही. त्याच वर्षी जर्मनीतून आलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाचे हेच झाले. तोही गाजला, पण नंतरच्या अनेक अभ्यासांत तो संबंध टिकला नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगाचे मोल जास्त. असा सर्वांत मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी औषधे घेणाऱ्या १७,५९८ लोकांपैकी अर्ध्यांना रोज ४० मिलिग्रॅम पँटोप्राझोल आणि अर्ध्यांना औषधविरहित गोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहिले. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, हाड मोडणे, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश, मृत्यू यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. फरक दिसला तो फक्त आतड्यांच्या जंतुसंसर्गात: पँटोप्राझोलच्या गटात १.४ टक्के, औषधविरहित गोळीच्या गटात १.० टक्के.

हा निकाल दिलासा देणारा आहे, आणि तो मी पूर्ण मानतो. पण तो काय सांगत नाही हेही पाहायला हवे. तीन वर्षे म्हणजे दहा वर्षे नव्हेत. ज्यांची नोंद ठेवली त्या आजारांच्या यादीत बी-१२ किंवा लोहाची कमतरता नव्हती. आणि प्रयोगातली गोळी निव्वळ पँटोप्राझोल होती.

आपले शरीर, आपली गोळी

बी-१२ चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २०१३ मध्ये असे दिसले की दोन वर्षे किंवा अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांत बी-१२ च्या कमतरतेची शक्यता ६५ टक्क्यांनी जास्त असते. तिथला माणूस मांस, मासे, अंडी खाणारा. त्याच्या यकृतात बी-१२ चा अनेक वर्षांचा साठा. आपल्याकडे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. त्या सगळ्यांनी पित्ताच्या गोळ्या घेतल्या होत्या म्हणून नव्हे, आपल्या आहारातच ते कमी म्हणून.

आता जळगावातल्या शाकाहारी कुटुंबातला पंचावन्न वर्षांचा मधुमेही व्यापारी डोळ्यांसमोर आणा. आहारात बी-१२ फक्त दूध-दह्यातून. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, आणि तेही बी-१२ चे शोषण कमी करते. त्यावर रोजची पित्ताची गोळी. तीन कारणे एकाच माणसात. तळपायांना मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्या खाती टाकल्या जातात. विसरभोळेपणा वयाच्या खाती. दोन्हींमागे बी-१२ असू शकते आणि साध्या रक्ततपासणीत ते कळते. आणखी एक समाधानाची गोष्ट: गोळीमुळे अडते ते अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेले बी-१२. औषधाच्या स्वरूपातले बी-१२ आधीच सुटे असल्यामुळे आम्ल कमी असतानाही शोषले जाते. म्हणजे उपाय स्वस्त आणि सोपा आहे, फक्त कोणाच्या तरी लक्षात यायला हवे.

लोहाचेही तसेच. बाजरी, मेथी, डाळी यांतले लोह आम्लाशिवाय नीट शोषले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलची भर पडते, म्हणून तिथे रक्तक्षयाचे कारण तपासूनच ठरवावे लागते. अशा ठिकाणी बाईला एका हाताने लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने ते लोह शोषू न देणारी गोळी महिनोन्महिने द्यायची, हा उपचार स्वतःशीच भांडणारा आहे.

मूत्रपिंडाचा मुद्दा मी वर सौम्य करून सांगितला, तो इथे थोडा तीव्र करायला हवा. जुनाट आजाराबद्दल शंका असली, तरी या औषधांनी काही थोड्या लोकांत मूत्रपिंडाला अचानक सूज येते, हे नक्की आहे. ती कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही. वेळीच ओळखून गोळी बंद केली तर बहुतेकांचे मूत्रपिंड बरेचसे सावरते. २०१९ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी या धोक्याची सूचना माहितीपत्रकात छापायला लावली. आता उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना केळीचे घड वाहणारा रावेरचा मजूर घ्या. अंगातले पाणी आटलेले, अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक रोजचे. ही दोन्ही कारणे मूत्रपिंडाला थकवणारी आहेत. लघवी कमी झाली, पायांना सूज आली, विनाकारण थकवा आला, तर त्याने चिठ्ठीतल्या सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जायला हवे, पित्ताची गोळीसुद्धा.

जंतुसंसर्गाचा तो ०.४ टक्क्यांचा फरकही इथे वेगळ्या नजरेने वाचावा. तो ज्यांच्यावर देखरेख होती अशा रुग्णांतला फरक आहे. जून-जुलैत नळाला गढूळ पाणी येते, जत्रेत उघड्यावरचे खाल्ले जाते, गावोगाव जुलाबाच्या साथी येतात. जठरातले आम्ल हा अशा वेळी दाराशी बसलेला राखणदार. म्हाताऱ्या माणसाचा हा राखणदार आपण रोज सकाळी झोपवतो, तेव्हा पाणी उकळून देण्याची जबाबदारीही घ्यायला हवी.

या साऱ्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती गोळीच्या जोडीदाराची. आपल्याकडे खपणाऱ्या कितीतरी 'पित्ताच्या' कॅप्सूल एकट्या औषधाच्या नसतात. पॅन-डी आणि तिच्यासारख्या असंख्य नावांतला 'डी' म्हणजे डॉम्पेरिडोन. ते ओकारी थांबवणारे, जठराची हालचाल वाढवणारे औषध आहे, आम्लाशी त्याचा संबंध नाही. त्याने हृदयाची लय बिघडू शकते म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातली: दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, आणि साधारणपणे एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. आपल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये एका वेळीच ३० मिलिग्रॅम असते, आणि ती वर्षभर घेणारे लोक प्रत्येक आळीत सापडतील. 'एलएस' किंवा 'एल' असे शेपूट असलेल्या काही गोळ्यांत लेवोसल्पिराइड असते. ते मेंदूतल्या डोपामिनला अडवते. म्हाताऱ्या माणसाने ते महिनोन्महिने घेतले तर हात थरथरणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे अशी कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. बायकांची पाळी बिघडू शकते. मग कंपवाताची औषधे सुरू होतात, आणि मूळ गोळी तशीच चालू राहते. पँटोप्राझोल सुरक्षित आहे हे सिद्ध करणारा कोणताही प्रयोग या जोडगोळीला सुरक्षित ठरवत नाही. आपल्या घरच्या डब्यातली स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांत किती औषधांची नावे आहेत ते आजच पाहावे.

रॅनिटिडिनचा धडा

पीपीआयच्या आधी पित्ताची गोळी म्हणजे रॅनिटिडिन. १९८१ पासून जगभर वापरलेले, निर्धोक समजले गेलेले. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा घटक सापडला. तो साठवणुकीत आणि उष्णतेत वाढतो, असे पुढे दिसले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या नियामकाने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले. रॅनिटिडिन घेतलेल्यांनी आता घाबरावे असे यात काही नाही. पण जवळजवळ चाळीस वर्षांच्या वापरानंतरही एखाद्या औषधाबद्दल नवे काही कळू शकते, आणि कारण नसताना घेतलेल्या प्रत्येक गोळीत ही अनिश्चितता असते, एवढे तरी त्यातून घ्यावे.

ज्यांनी गोळी सोडू नये

इतके वाचून कोणी आपल्या वडिलांची गोळी बंद करायला निघाला असेल, तर थांबा. ज्यांच्या अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेला आहे, ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत, जे वयस्कर असून रोज वेदनाशामक घेतात, ज्यांच्या अन्ननलिकेला दुर्बिणीत खोल जखमा किंवा 'बॅरेट' नावाचा बदल दिसला आहे, त्यांना ही गोळी चालूच हवी. त्यांच्या बाबतीत गोळी सोडण्याचा धोका गोळीच्या कुठल्याही दुष्परिणामापेक्षा मोठा असतो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये हेच सांगितले: गोळी बंद करायची ती गरज संपली म्हणून, दुष्परिणामांच्या भीतीपोटी नव्हे. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने मात्र ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल घ्यावे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचे काम कमी करू शकते.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, कारणाशिवाय वजन घटणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले 'पित्त': यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी आधी, गोळी नंतर. गोळीने लक्षण दबले तर कर्करोग उशिरा सापडतो. तसेच छातीत जड वाटून घाम फुटला, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तर मेडिकलवर जाऊ नका. मधुमेह्याचा हृदयविकार कित्येकदा 'गॅस' म्हणूनच सुरू होतो. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पोचायचे ते तिकडे, आणि लगेच.

ज्यांची गरज संपली आहे, त्यांनी गोळी सोडताना डॉक्टरांना सांगून सोडावी. एक मार्ग असा: ४० मिलिग्रॅम घेत असाल तर काही आठवडे २० वर यावे, मग एक दिवसाआड, मग बंद. एकदम थांबवली तरी चालते. दोन्ही मार्गांत पहिले काही आठवडे जळजळ होणार हे आधीच धरून चालावे आणि त्यासाठी साधे आम्लशामक जवळ ठेवावे. ही जळजळ म्हणजे जुना रोग परत आला असे नव्हे. दोन महिन्यांनंतरही ती तशीच राहिली, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल कायद्याने अनुसूची 'एच'मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ती कशी विकली जातात हे जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मेडिकल चालवणारा माणूस गावात डॉक्टरइतकाच विश्वासाचा असतो, त्या विश्वासानेच त्याने पंधरा दिवसांनी पुन्हा तीच स्ट्रिप मागायला आलेल्याला "किती दिवस घेताय?" एवढे विचारावे. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर तो गाझियाबादच्या राष्ट्रीय औषधदक्षता केंद्राच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कोणताही नागरिक कळवू शकतो.

आणि डॉक्टरांना एक मागणी. चिठ्ठीवर या गोळीपुढे दोन गोष्टी लिहा: कशासाठी, आणि कोणत्या तारखेपर्यंत. तुम्ही लिहिले नाही, तर रुग्णाने निघताना दाराशी थांबून विचारावे.